मिसचीफ रीफवरची धावपट्टी

प्रादेशिक अखंडता हे आपले गाभ्याचे राष्ट्रीय हित असल्याचे चीनने 2011 च्या श्वेतपत्रिकेत नोंदवले. म्हणजे त्यावर तडजोड नाही. तरीही त्याच वर्षी ताजिकिस्तानशी सीमाप्रश्न मिटवताना चीनने मूळ दाव्यातला अगदी थोडा भाग, सुमारे 1,000 चौरस किलोमीटर, पदरात पाडून घेतला आणि बाकीचा सोडला.

दक्षिण चीन समुद्रात मात्र माघार नाही. मिसचीफ रीफ हा भरतीत पाण्याखाली जाणारा प्रवाळखडक. 1995 मध्ये तिथे खांबांवर उभारलेल्या झोपड्या दिसल्या. मच्छीमारांच्या निवाऱ्यासाठी त्या बांधल्याचे चीनने सांगितले. पुढे आरमार वाढले, पैसा आला, आणि 2015 च्या सुमारास ड्रेजरांनी वाळू उपसून तिथे बेटच तयार केले. आता त्यावर अडीच किलोमीटरहून लांब धावपट्टी आहे. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने हा खडक फिलिपिन्सच्या सागरी क्षेत्रात येतो, असा निकाल दिला. चीनने तो धुडकावला. निकालाची अंमलबजावणी करणारे कोणी नाही, हीच यातली खरी अडचण.

भारतासाठीही हा विषय दूरचा नाही. 2017 मध्ये चीनने अरुणाचलातल्या 6 ठिकाणांसाठी आपली नावे जाहीर केली. 2024 च्या यादीत ती 30 होती. या याद्या हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. उद्याच्या वाटाघाटीत त्या पुरावा म्हणून टेबलावर येऊ शकतात.