भोवरा, गोळी आणि परवाना

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. गावाला पोलीस ठाणे आहे, चौफेर शेते आहेत, आणि शेते म्हटली की रात्री पिकांत शिरणारी रानडुकरेही आली. अशा गावातल्या मुलाला बंदूक तीन ठिकाणी दिसते. पोलिसाच्या खांद्यावर, बँकेच्या दारात उभ्या असलेल्या माजी सैनिकाच्या हातात आणि अलीकडे लग्नाच्या वरातीत, फुशारकीने आकाशाकडे रोखलेली. ही तिन्ही हत्यारे सारखीच का? सैन्यातला अधिकारी म्हणजे पट्टीचा नेमबाज, हे खरे का? आणि सामान्य नागरिकाला बंदूक कोण देतो, कशासाठी देतो? या प्रश्नांची उत्तरे अर्धी पदार्थविज्ञानात आहेत आणि अर्धी कायद्यात. पदार्थविज्ञानापासून सुरुवात करू या.

नळीतले आटे

भोवरा फिरत नसेल तर अणीवर उभा राहत नाही. जोराने फिरू लागला की तोच भोवरा स्थिर होतो, कारण फिरत्या वस्तूचा आस आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. रायफलीचे सारे रहस्य एवढ्यातच आहे.

साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून छर्रे सुटतात आणि ते पुढे पसरत जातात. रायफलीच्या नळीत मात्र मळसूत्रासारखे पीळ दिलेले चर कोरलेले असतात. त्यांना आटे म्हणतात. गोळी नळीत किंचित घट्ट बसते, आट्यांत रुतते आणि स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीत नळीच्या दर दहा इंचांत, म्हणजे सुमारे २५.४ सेंटिमीटरांत, आट्यांचा एक पूर्ण वेढा असे. गोळी बाहेर पडे सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने. ७४४ ला ०.२५४ ने भागा. उत्तर येते सेकंदाला जवळजवळ २,९०० फेरे! एवढ्या वेगाने फिरणारा हा शिशाचा भोवरा हवेत कोलांट्या न खाता नाक पुढे ठेवून जातो. म्हणूनच रायफलीचा नेम लांबवर लागतो.

‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणजे नळीचा व्यास ०.३०३ इंच, सुमारे ७.७ मिलिमीटर. मग बँकेच्या पहारेकऱ्याची ‘बारा बोअर’ म्हणजे काय? हे माप गमतीचे आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. शिशाची घनता घेऊन हिशेब केला तर हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. तुमच्या गणिताच्या शिक्षकांना विचारून तो करून पाहा.

धक्का, घसरण आणि नेम

थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची. वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग, होतो सुमारे ८.४ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच संवेग रायफलीला उलट दिशेने मिळतो. रायफल चार किलोची धरली, तर ती सेकंदाला दोन मीटरांहून थोड्या अधिक वेगाने खांद्यावर आदळते. दारूच्या जळालेल्या वायूंचा धक्का निराळाच. दस्ता खांद्याला घट्ट लावा, हे शिक्षक पुन्हा पुन्हा का बजावतात ते यावरून कळते. सैल धरलेली रायफल हाड दुखावते.

एन.सी.सी.च्या छात्रांच्या हाती सामान्यतः ०.२२ इंचाची रायफल देतात. तिची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. संवेग मोठ्या रायफलीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणून धक्काही तसाच हलका. पण हिला खेळणे समजू नका. पंचवीस-पन्नास मीटरांवर नेमबाजीसाठी वापरली जाणारी हीच गोळी नळी वर करून सुटली तर सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

गोळी सरळ रेषेत जाते, हा आणखी एक गैरसमज. नळीतून सुटताच ती दगडासारखी खाली पडू लागते. ०.२२ च्या गोळीला ५० मीटर जायला सुमारे ०.१५ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ती सुमारे ११ सेंटिमीटर खाली येते. म्हणून मागच्या खाचेची उंची अंतराप्रमाणे लावावी लागते आणि नळीचे तोंड नकळत किंचित वर ठेवले जाते.

नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणायची असतात. समजा, खाच आणि माशी यांत ६० सेंटिमीटर अंतर आहे आणि माशी केवळ एक मिलिमीटर बाजूला सरकली. समरूप त्रिकोणांनी हिशेब केला तर ५० मीटरांवर गोळी आठ सेंटिमीटरांहून अधिक चुकते. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल स्पर्धेत मधले दहा गुणांचे वर्तुळ असते अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे. गोळीची कड वर्तुळाला लागली तरी गुण मिळतात हे धरले, तरी माशीची चूक सुमारे एक दशांश मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. ही तर वहीच्या एका कागदाची जाडी!

अशा वेळी छातीचा भाता हलला तरी नेम ढळतो, म्हणून नेमबाज अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबतो. चाप झटक्याने ओढला तरी नेम ढळतो, म्हणून तो हळूहळू दाबायचा असतो. तयारीचे नेमबाज तर हृदयाच्या दोन ठोक्यांमधली संधीही साधतात.

अधिकारी म्हणजे नेमबाज?

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत शिकणाऱ्या प्रत्येकाला रायफल उघडणे, साफ करणे, जोडणे आणि चालवणे शिकावेच लागते. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील मुलांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था चालते. आपल्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी तिची माहिती अवश्य घ्यावी.

परंतु अधिकाऱ्याचे मुख्य काम स्वतः गोळी झाडणे हे नसते. कोणी, केव्हा, कोठे गोळी झाडावी आणि केव्हा मुळीच झाडू नये, हे ठरवणे त्याचे काम असते. शिवाय सैन्यात डॉक्टर अधिकारी असतात, अभियंते असतात, संदेशवहन सांभाळणारे असतात. रायफलीत त्या सर्वांचा हात सारखा बसलेला कसा असेल? नेमबाजी ही पोहण्यासारखी एकदा शिकली की कायमची, अशी विद्या नाही. तबल्यासारखा तिचा रियाज लागतो. रियाज सुटला की हात उतरतो, मग खांद्यावर कितीही तारे असोत.

आपल्या देशाचीच उदाहरणे घ्या. २००४ साली अथेन्सला कर्नल पदापर्यंत पोहोचलेल्या राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवले, तर २०१२ साली लंडनला सुभेदार विजय कुमार यांनी. परंतु २००८ साली बीजिंगला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक आणणारे अभिनव बिंद्रा सैनिक नव्हते. मराठी मुलखाची परंपराही अशीच मोठी आहे. मुंबईच्या अंजली भागवत एन.सी.सी.तून नेमबाजीकडे वळल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे रेल्वेच्या नोकरीत होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला त्यांनी ५० मीटर रायफलीच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले.

नागरिकांनीही ही विद्या शिस्तीने शिकावी या हेतूने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील हे गृहस्थ. त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा आजही भरते.

परवाना कोणाला?

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून हिंदी माणसाने शस्त्र बाळगू नये, युरोपियनांना मात्र मुभा, असा त्याचा पक्षपाती रोख होता. म्हणून राष्ट्रीय सभेने त्याला सतत विरोध केला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. तो सर्वांना सारखा लागू आहे, आणि त्यातले मूळ तत्त्व असे, की बंदूक बाळगणे हा आपोआप मिळणारा हक्क नाही. त्यासाठी परवाना हवा आणि परवान्यासाठी कारण हवे.

चकलांब्याच्या शेतकऱ्याला पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. स्थानिक पोलीस ठाणे अर्जदाराची चौकशी करून अहवाल देते. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ तीनऐवजी दोनच बंदुकांची मर्यादा आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. बंदूक मिळाली म्हणून रानडुकरावर मनास येईल तेव्हा गोळी झाडता येत नाही. तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, आणि वन खात्याची परवानगी लागते.

मग सैन्यातल्या अधिकाऱ्याचे काय? कर्तव्यावर असताना सैनिकाला, पोलिसाला आणि एन.सी.सी.च्या छात्रालाही या कायद्यातून सूट आहे, पण ती कर्तव्यापुरती. घरी खासगी बंदूक ठेवायची तर कर्नललाही परवाना लागतो. सैन्याच्या मापाची शस्त्रे सामान्य नागरिकास मिळत नाहीत. म्हणूनच सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी ०.३१५ इंचाची निराळी रायफल काढली. सैन्याचे काडतूस तिच्यात चालत नाही.

कायदा असा नीट आखलेला असला तरी तो माणसांनीच पाळायचा असतो. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यावर बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न राज्यभर गाजला. जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे पुढे आले आणि २०२५ च्या आरंभी प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. बंदूक गरजेची वस्तू न राहता मिरवण्याची वस्तू झाली की काय होते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले.

वर गेलेली गोळी

आता वरातीकडे वळू. आकाशात झाडलेली गोळी कोठे जाते? अमेरिकन सैन्यातील एक अधिकारी, ज्युलियन हॅचर, यांनी १९२० च्या सुमारास फ्लॉरिडात पाण्यावर मचाण बांधून याची तपासणी केली. सरळ वर पाचशेहून अधिक गोळ्या झाडल्या. वाऱ्याने त्या इतक्या भरकटल्या, की मोजक्याच मचाणाजवळ पडल्या. हिशेबाप्रमाणे गोळी सुमारे पावणेतीन किलोमीटर वर जाऊन परत येते. हवेच्या विरोधामुळे उतरताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ९० मीटरांवर, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरांवर, स्थिरावतो. डोक्यावर पडल्यास एवढा वेग प्राण घेऊ शकतो.

आणि वरातीतला माणूस काही ओळंबा लावून गोळी झाडत नाही. नळी तिरपी असेल तर गोळी आपली गिरकी आणि वेग बराचसा टिकवून दूर जाते. मोठ्या रायफलीची गोळी तीन किलोमीटरांहून लांब जाते. आपल्या गावच्या मांडवातून सुटलेली गोळी शेजारच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईला लागू शकते, आणि ती कोठून आली हे कोणालाच कळत नाही. म्हणून २०१९ पासून समारंभात निष्काळजीपणे गोळी झाडणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एन.सी.सी.च्या रेंजवर पहिला धडा नेमाचा नसतो. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा. नळी सदैव लक्ष्याकडे ठेवा. हुकूम होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. लाल निशाण फडकत असेल तर पुढे पाऊल टाकू नका. हे अंगी बाणल्यावरच काडतूस हातात पडते. नेमबाजीची आवड असलेल्या विद्यार्थ्याने हीच वाट धरावी. घरातल्या वडीलधाऱ्यांची बंदूक कपाटातून काढून पाहणे ही शिकण्याची रीत नव्हे.

करून पाहा

बंदुकीशिवाय नेमाचा प्रयोग करता येतो. ६० सेंटिमीटर लांबीच्या सरळ पट्टीच्या दोन टोकांना एकेक टाचणी उभी टोचा. सहा मीटरांवरील भिंतीवर खडूने एक ठिपका काढा. पट्टी टेबलावर ठेवून दोन्ही टाचण्या आणि ठिपका एका रेषेत आणा. आता पट्टी न हलवता पुढची टाचणी एक मिलिमीटर बाजूला टोचा आणि पुन्हा पाहा. नवी रेषा भिंतीवर जेथे पडते तेथे मित्राला खूण करायला सांगा. दोन खुणांतील अंतर मोजा. ते सुमारे एक सेंटिमीटर यायला हवे. तसे का, ते त्रिकोण काढून सिद्ध करा. मग भिंत ५० मीटरांवर असती तर किती आले असते, याचा हिशेब मांडा.