स्वयंपाकाचा कंटाळा? मग कुकर आणि सालाची मूगडाळ

ओट्यापाशी उभं राहणंच ज्यांच्या जिवावर येतं, त्यांच्यासाठी ही पोस्ट. रोज पोळी-भाजी, वरण-भात असं साग्रसंगीत व्हायलाच हवं असं काही नाही. एका कुकरमध्ये चौरस जेवण होतं.

1 वाटी तांदूळ आणि 1 वाटी सालाची मूगडाळ एकत्र धुवून घ्या. कुकरमध्ये चमचाभर तेलात जिरं तडतडलं की हिंग, हळद आणि घरात असेल ती भाजी टाका. गाजर, दुधी, मटार, मूठभर पालक, काहीही. बारीक चिरत बसू नका, मोठ्या फोडी छान शिजतात. डाळ-तांदूळ, मीठ, 6 वाट्या पाणी, झाकण. 4 शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा आणि प्रेशर आपोआप उतरू द्या. तेवढ्यात तुमची अंघोळ उरकते!

सालाचीच डाळ घ्या, कारण सालात भरपूर फायबर असतं. तांदळात लायसिन कमी, ते डाळ पुरवते. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. म्हणून या जोडीतून चांगली प्रथिनं मिळतात. ताटात घेतल्यावर लिंबू मात्र पिळाच, क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी जास्त लागतं.

सोबत ताक, भाजलेला पापड. उरलेली खिचडी फ्रीजमध्ये घट्ट होते, कढत पाणी घालून सारखी करा. भाताचा कंटाळा आला तर तांदळाऐवजी गव्हाचा दलिया घाला, बाकी सगळं तेच.