डोळ्यामागची चरबी
डोळ्याची खोबण साधारण 30 मिलिलिटरची. त्यात नेत्रगोल जेमतेम 7 मिलिलिटर जागा घेतो. बाकी जागेत डोळा फिरवणारे सहा स्नायू, दृष्टीची नस, रक्तवाहिन्या आणि या सगळ्यांमधली फट भरून काढणारी मऊ, पिवळसर चरबी. धक्का बसला तर ती झेलते, हे खरंच. पण तिचं रोजचं काम वेगळं. आपण नजर वळवतो तेव्हा डोळा, स्नायू आणि नस यांना एकमेकांना न घासता सरकू देणारी गादी म्हणजे हीच.

ती कमी-जास्त झाली की चेहऱ्यावर दिसतं. थायरॉईडशी निगडित ग्रेव्हज आजारात चरबी आणि स्नायू फुगतात. हाडाची खोबण काही ताणत नाही, मग डोळाच पुढे येतो. धूम्रपानाने हा त्रास वाढतो. उलट, काचबिंदूसाठी लॅटानोप्रोस्ट किंवा बिमॅटोप्रोस्टचे थेंब एकाच डोळ्यात बराच काळ घातले, तर चरबी आटून काहींचा तेवढाच डोळा खोल गेलेला दिसतो. (पण म्हणून थेंब मनाने बंद करू नयेत.)

वयाबरोबर पापणीतला पातळ पडदा सैल पडतो, चरबी पुढे येते आणि डोळ्यांखाली पिशव्या दिसू लागतात. सगळा दोष जागरणावर टाकून क्रीम विकणाऱ्यांचं बरं चालतं. पण पुढे आलेली चरबी क्रीम लावून मागे जात नाही.