पावसात ओढ्याचे पाणी लाल का होते?

इयत्ता ४ थी

मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, ह्या भित्तीपत्रकाच्या खाली खिडकीत दोन काचेच्या बाटल्या ठेवल्या आहेत. आधी त्या बघा आणि मग पुढे वाचा. पण हलवू नका, हलवल्या की गाळ वर येतो आणि मग दिवसभर खाली बसत नाही.

त्या बाटल्यांत काय आहे ते सांगतो. गुरुजींनी आम्हाला तेलाचे दोन रिकामे डबे आडवे कापून दिले. एका डब्यात आम्ही नांगरलेली उघडी माती भरली. दुसऱ्यात डोंगरावरची माती, गवत आणि पालापाचोळ्यासकट उचलून आणली. दोन्ही डब्यांच्या एका टोकाखाली वीट ठेवली, म्हणजे उतार झाला. मग झारीने दोन्हींवर सारखेच पाणी ओतले. उघड्या मातीवरून पाणी धावतच खाली आले आणि लगेच थांबले. ते लाल बाटलीतले पाणी. तळाला तीन बोटे गाळ आहे, मोजून बघा. पाचोळ्याच्या डब्यातून मात्र बराच वेळ काहीच आले नाही. आम्हाला वाटले डबा गळका आहे. मग थेंब थेंब यायला लागले आणि मधली सुट्टी होईपर्यंत येत राहिले. ते पाणी चहाच्या पाण्यासारखे पिवळट आहे, पण आरपार दिसते.

असे का होते? पावसाचा थेंब उंचावरून पडतो. मधे पाने असली तर तो पानावर फुटतो, मग फांदीवर, मग खाली पाचोळ्यावर पडतो. त्याचा जोर जातो. पाचोळा ओल्या गोधडीसारखा पाणी धरून ठेवतो. खाली मुळे असतात, किड्यांची आणि गांडुळांची बिळे असतात. त्यातून पाणी जमिनीत जिरते. तेच पाणी पुढे झऱ्याला येते. उघड्या मातीवर थेंब तडक आपटतो, माती उडते आणि पाण्याबरोबर चालू लागते. म्हणून ओढा लाल होतो. तो लाल रंग म्हणजे कोणाच्या तरी शेतातली माती असते.

हे मोठ्या प्रमाणावर बघायचे असेल तर बोरिवलीचे जंगल बघावे. माझी आत्या आरेमध्ये एका पाड्यावर राहते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा ते जंगल पाहिले. त्याचे नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ते सुमारे १०३ चौरस किलोमीटर आहे. एका बाजूला बोरिवली, गोरेगाव, दुसऱ्या बाजूला मुलुंड, भांडुप, वर ठाणे. सगळीकडे उंच उंच इमारती आणि मधे जंगल. पुस्तकातली विषुववृत्तावरची जंगले बारा महिने हिरवी असतात, तसे हे नाही. इथली बरीच झाडे उन्हाळ्यात पाने गाळतात. साग, ऐन, पळस, सावर ही झाडे आपल्या शहापूरकडेही आहेतच. बिबटेसुद्धा आहेत. २०१५ साली मोजले तेव्हा ३५ सापडले आणि २०१८ साली ४७. पाड्यावरचे लोक वाघोबाला देव मानतात आणि वाघबारशीला त्याची पूजा करतात. आत्या सांगते, रात्री अंगणात एकट्याने जायचे नाही आणि उकिरडा दाराजवळ करायचा नाही. उकिरड्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो.

ह्या जंगलात दोन तलाव आहेत. विहार तलाव १८६० साली पुरा झाला. मुंबईला नळाने पाणी मिळाले ते पहिल्यांदा विहारचेच. तुळशी तलाव १८७९ सालचा आहे. विहारात सुमारे २७७० कोटी लिटर पाणी मावते आणि तुळशीत सुमारे ८०४ कोटी लिटर. एवढे असूनही मुंबईला ते पुरत नाही. बाकीचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा इथून, म्हणजे आपल्याच बाजूने जाते. तेव्हा मुंबईकरांनी आपल्या जंगलाचीही विचारपूस करावी असे मला वाटते! जंगल नसते तर हे तलाव केव्हाच गाळाने भरत आले असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनासुद्धा पाण्याची किंमत ठाऊक होती. त्याच जंगलात कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून जास्त. तिथे खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी बारीक पन्हळीतून टाक्यात येते. मी हात घालून बघितले, पाणी गार होते.

जंगलातले पाणी पुढे नद्यांना जाते. तुळशीकडून दहिसर नदी निघते. विहार आणि पवईचे तलाव भरले की त्यांचे ओसंडलेले पाणी मिठी नदीला मिळते. तुम्ही म्हणाल, मग मिठी नदी स्वच्छ असेल. मुळीच नाही. वर जंगलात पाणी चांगले असते, खाली वस्तीत आले की त्यात सगळी घाण मिसळते. नदीच्या काठी भराव घातले, पात्र अरुंद केले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढे पाणी जायला नदीला वाट नव्हती. पुष्कळ माणसे मेली. आत्याच्या पाड्यावरची माणसे उंचावर असल्यामुळे वाचली, पण कामाला गेलेले लोक दुसऱ्या दिवशी चालत घरी आले.

नदी जिथे समुद्राला मिळते तिथे खाडी असते. खाडीच्या चिखलात तिवर उगवतात. त्यांना खारफुटी असेही म्हणतात. तिवराची मुळे जमिनीतून खिळ्यांसारखी वर येतात, कारण चिखलात हवा नसते आणि मुळांना श्वास घ्यायचा असतो. मला हे फारच नवल वाटले. ह्या मुळांच्या जाळीत नदीबरोबर आलेला गाळ अडकतो. त्याच जाळीत कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात, चिंबोऱ्या राहतात, निवट्या उड्या मारतात. गोराई, मनोरी, चारकोप इकडच्या कोळी लोकांचे पोट त्यावर चालते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवर तोडायला बंदी घातली. विक्रोळीला गोदरेज कंपनीने आपल्या जागेतले तिवर जपले आहेत. ठाण्याच्या खाडीत हजारो रोहित पक्षी येतात. ती खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली.

आता समुद्रात जाऊ. समुद्रात पोवळी असतात. आजीच्या माळेत लाल पोवळे आहे, ते आम्ही दगड समजत होतो. खरे तर पोवळे हे बारीक बारीक प्राण्यांनी बांधलेले चुन्याचे घर आहे. उथळ समुद्रातल्या पोवळ्यांच्या अंगात शेवाळासारखी सूक्ष्म वनस्पती असते. ती उन्हावर अन्न तयार करते आणि पोवळ्याला देते. म्हणजे पोवळ्याच्या घरातच शेती आहे! पण पाणी गढूळ झाले तर ऊन खाली पोचत नाही. गाळ अंगावर बसला तर पोवळे गुदमरते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती अशी पोवळी आहेत. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या खडकांवरही थोडी पोवळी आहेत. २०२० साली समुद्राकाठचा रस्ता बांधताना वरळी आणि हाजीअलीची पोवळी उचलून दुसरीकडे लावली.

आपल्या गावातून समुद्र दिसत नाही. पण ह्या बाटलीतला गाळ पावसात कुठे जातो? शेतातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून खाडीत. वाटेत जंगल किंवा तिवर भेटले तर अडतो. नाही भेटले तर जातो पुढे.

मग शेती करूच नये का? असे कसे चालेल! खायचे काय? आत्याच्या पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेती होते. पावसात भात, काकडी, शिराळी, भेंडी लावतात. पहिल्या पावसाच्या आधी जंगलात शेवळे उगवतात. ती काढताना फक्त वरचा कोंब घ्यायचा, कंद तसाच ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येते. भाजीत काकडाची फळे घालावी लागतात, नाहीतर घसा खाजतो. घराच्या कुडाच्या भिंती कारवीच्या. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते. २०१६ साली फुलली होती, नंतर २०२४ साली फुलली. वाळलेल्या काठ्या तोडल्या तर जंगलाचे काही बिघडत नाही, कारण बी खाली पडलेले असते. पुढची फुले २०३२ साली. तेव्हा मी कॉलेजात असेन.

आरेमध्ये १९४९ पासून दुधाची वसाहत आहे. २०१९ साली ऑक्टोबरात मेट्रोच्या डेपोसाठी तिथली दोन हजारांहून जास्त झाडे तोडली. तोड रात्री सुरू झाली. आत्या म्हणते, करवतीचा आवाज घरात ऐकू येत होता. आता मेट्रो चालू आहे आणि आत्याचा मुलगा तिच्यातूनच कामाला जातो. त्याचा तास वाचतो. म्हणून मला मेट्रो वाईट आहे असे म्हणता येत नाही. पण झाडे रात्री का तोडली हे मला कळत नाही.

आता आपल्या घरचे सांगतो. आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. माघ-फाल्गुनात ऐनाच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, शेण आणि गवत घालून वाफ्यावर पसरायच्या आणि पेटवायच्या. तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते. आजोबा म्हणतात, राबाशिवाय रोप तरारत नाही. ते खरेच आहे. पण दरवर्षी फांद्या तोडून आमच्या बांधावरचे सात ऐन बोडके झाले आहेत. त्यांच्याखाली सावली नाही, पाचोळाही नाही. पावसात बांध तिथेच फुटतो.

कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणा बाग आहे. तिथे भाताची वेगळी पद्धत काढली आहे, तिला एस.आर.टी. म्हणतात. गादीवाफे एकदाच करायचे. दरवर्षी नांगरणी नाही, चिखलणी नाही, राब नाही, लावणीही नाही. लोखंडी साच्याने भोके पाडून बी टोकायचे. कापणी झाली की जुनी मुळे जमिनीतच ठेवायची. ती कुजतात, गांडुळे वाढतात आणि माती धरून राहते. बाबांनी यंदा एका खाचरात करून बघितले. त्या पद्धतीत तणनाशक मारतात. आजोबा म्हणाले, माझ्या खाचरातले मुठे मरतील, औषध नको. म्हणून औषध मारले नाही. भाताच्या गोण्या मागल्या वर्षीइतक्याच भरल्या. पण तण इतके माजले की आईला तीनदा बेणणी करावी लागली. आई म्हणाली, “झाड वाचलं, पण माझी कंबर गेली.”

आता माघ जवळ आला आहे आणि घरात रोज हाच विषय चालतो. बाबा दोन खाचरे करायची म्हणतात. आजोबांनी एवढे कबूल केले आहे की ऐनाचा शेंडा तोडायचा नाही, आणि सातांतल्या तीन झाडांना यंदा कोयता लावायचा नाही. आई म्हणते, दोन खाचरे करा, पण बेणणीला बाबांनी आणि मी दोघांनी उतरायचे. मी हो म्हटले आहे. बाबा अजून काही बोलले नाहीत.