खिडकीपाशी थांबलेली भिंत आणि आयटीआयची पोरं: घरकुलाच्या श्रमदानाचा हिशेब बसतो का?

गेल्या मे महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका वाडीवर गेलो होतो. सरकारी योजनेतलं घर मंजूर झालेल्या एका मावशींची भिंत खिडकीच्या उंचीला येऊन थांबली होती. विटांच्या थप्पीवर ताडपत्री, वाळूवर गवत उगवलेलं. विचारलं तर म्हणाल्या, "गवंडी गोव्याला गेलाय बघा. तिकडं हजेरी जास्त मिळतीया. दुसरा मिळंना, आणि मिळाला तर त्याला द्यायला पैसा न्हाई." भिंत लिंटलपर्यंत जात नाही तोवर फोटो चढत नाही आणि फोटो चढत नाही तोवर पुढचा हप्ता पडत नाही. पाऊस महिन्यावर आलेला.

त्याच आठवड्यात एका आयटीआयच्या आवारात गवंडीकामाची पोरं भिंत पाडताना दिसली. चांगली ओळंब्यात उभी केलेली, कोपरा सरळ, सांधेमोड व्यवस्थित. का पाडता म्हणून विचारलं तर एक जण हसला. "सर, विटा परत वापरायच्या असतात. म्हणून तर सिमेंट न घालता मातीच्या मालात बांधतो. उद्या दुसरी बॅच बांधणार."

एकीकडे गवंड्याअभावी अडलेलं घर, दुसरीकडे बांधून पाडलेली भिंत. या दोघांची गाठ घालून देता येणार नाही का, असा प्रश्न कुणालाही पडेल. येतं, पण नियम आणि आकडे समजून घेतले तरच. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे आधी आकडे.

घरकुलाचं गणित कुठं अडतं?

पंतप्रधान आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये, ही मदत तेव्हा ठरली. २०२४ मध्ये केंद्रानं योजना पुढे २ कोटी घरांसाठी वाढवली, मदतीची रक्कम मात्र तीच ठेवली. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. भागाकार करून बघा, चौरस फुटाला ४४६ रुपये येतात. आज बेळगावात, सावंतवाडीत की इंदूरजवळच्या एखाद्या खेड्यात, कुठल्याही ठेकेदाराला हा दर सांगितला तर तो चहा पाजून परत पाठवेल.

याखेरीज शौचालयासाठी १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची (डोंगराळ भागात ९५ दिवसांची) मजुरी जोडून देण्याची सोय योजनेत आखली होती. पण ही मजुरी अकुशल कामाची. माती खणणं, पाणी भरणं, घमेलं उचलणं यात बसतं. ओळंबा धरून भिंत चढवणारा गवंडी, वायरिंग करणारा, नळ जोडणारा यांचे पैसे घरमालकाला मूळ रकमेतून नाहीतर पदरचे घालावे लागतात.

पैसा मिळतो तोही टप्प्याटप्प्यानं. राज्यागणिक हप्त्यांची संख्या कमी-जास्त असते, पण क्रम सगळीकडे सारखाच: पाया, मग लिंटल, मग छत, मग पूर्ण घर. लिंटल म्हणजे दारं-खिडक्यांवरून जाणारा आडवा काँक्रीटचा पट्टा. प्रत्येक टप्प्याचा फोटो ठिकाणासकट मोबाईल ॲपवर चढवायचा. कर्नाटकात हे काम राजीव गांधी ग्रामीण वसती निगमाच्या यंत्रणेतून चालतं. बसव वसती, आंबेडकर निवास या राज्याच्या योजनाही त्याच निगमाकडे आहेत. महाराष्ट्रात रमाई, शबरी, मोदी आवास या योजना आहेत. नावं वेगळी असली तरी अडचण एकच: हप्ता काम झाल्यावर मिळतो आणि काम करायला गवंडी लागतो.

महापूर आला की ही अडचण शंभर पटीनं वाढते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठावरची हजारो घरं पडली. कर्नाटक सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर केले. घरकुलाच्या मानानं रक्कम मोठी होती. पण सगळ्या गावाला गवंडी एकाच वेळी हवा असतो, तेव्हा तो आणायचा कुठून?

पोरांचे १५० तास

आता आयटीआयकडे वळू. गवंडीकाम हा एक वर्षाचा ट्रेड, आठवी पासवर प्रवेश. सुतारकाम, वेल्डिंग आणि प्लंबरही एक वर्षाचे. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन दोन वर्षांचे. वर्षाला १२०० तासांचा अभ्यासक्रम असतो, त्यातले ८४० तास हातानं करायच्या कामाचे.

त्याच अभ्यासक्रमात आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. प्रत्येक वर्षी १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकणं सक्तीचं आहे आणि जवळपास तशी जागा नसेल तर गट करून एक प्रकल्प करायचा. मोटार मेकॅनिकच्या पोराला गॅरेज मिळतं, फिटरला कारखाना मिळतो. गवंडीकामाच्या पोराला जवळची 'इंडस्ट्री' कुठली? गावातलं अडलेलं घरकुलच की.

हिशेब मांडू. १२ विद्यार्थी, प्रत्येकी १५० तास, म्हणजे १८०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर २२५ दिवसांची हजेरी. शिकाऊ हात निम्म्या वेगानं चालतो असं धरलं तरी ११२ दिवस राहतात. २५ चौरस मीटरच्या घराच्या भिंती लिंटलपर्यंत न्यायला आणि गिलावा करायला एवढे हात पुरून उरतात.

सरकारला ही कल्पना नवी नाही. ग्रामीण आवास योजनेतच ग्रामीण गवंडी प्रशिक्षण नावाचा ४५ दिवसांचा कार्यक्रम आहे. यात उमेदवार आवारात भिंत बांधून पाडत नाहीत, लाभार्थ्याचं खरं घर बांधतच शिकतात. झारखंडमध्ये बायकांनी गवंडीकाम शिकून स्वच्छ भारत मोहिमेतली शौचालयं बांधली आणि 'राणी मिस्त्री' हे नाव मिळवलं. शिकाऊ हातांनी खरं बांधकाम होतं, याचे दाखले आहेत.

आधी कुणी केलंय का?

दोन उदाहरणं सांगण्यासारखी आहेत. पहिलं केरळचं. ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर तिथल्या औद्योगिक प्रशिक्षण विभागानं आयटीआयचे विद्यार्थी आणि शिक्षक यांची पथकं गावोगावी पाठवली. 'नैपुण्य कर्मसेना' असं त्यांचं नाव. पाणी ओसरल्यावर घरात चिखल काढायला शेजारीपाजारी येतात, पण भिजलेलं वायरिंग तपासणं, मोटार आणि नळ दुरुस्त करणं, फुगलेली दारं बसवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. ते या पथकांनी केलं. विद्यार्थ्यांचं श्रमदान कुठं कामाला येतं, हे यातून कळतं: हौशी माणसाला जे जमत नाही तिथं.

दुसरं उदाहरण महाराष्ट्रातलं. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या मोहिमेत १०० घरांचं काम झालं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः विटा लावायला आले होते. जगभरातून स्वयंसेवक आले, त्यातले बहुतेक बांधकामात नवखे. त्या मोहिमेतली ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट कार्टर यांची नव्हे, संस्थेच्या अटीची आहे: ज्याचं घर, त्या कुटुंबानंही सोबत राबायचं. श्रमदान म्हणजे घरमालकानं खुर्ची टाकून बसायचं आणि पोरांनी राबायचं, असं नाही.

कुठं काम द्यायचं, कुठं नाही

इथं भावनेच्या भरात चूक होऊ शकते, म्हणून स्पष्ट लिहितो.

भिंत, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या बसवणं, नळजोडणी ही कामं विद्यार्थ्यांना देता येतात, पण निदेशक किंवा एक जुना गवंडी दिवसभर साइटवर हवा. वीटकाम एका दिवसात दीड मीटरपेक्षा जास्त चढवू नये, भिंतीला किमान सात दिवस पाणी मारावं, कालवलेला सिमेंटचा माल अर्ध्या तासाच्या आत वापरावा. पोरांना हे पुस्तकातून ठाऊक असतं. साइटवर घाई झाली की ते विसरायला होतं आणि तेव्हाच मागं कुणीतरी टोकणारा लागतो.

स्लॅबचं सेंट्रिंग आणि सळ्या हे काम अनुभवी माणसाचंच. पोरांनी बघावं, हाताखाली राहावं, पण जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये. भिंत वाकडी झाली तर पाडता येते. स्लॅब खाली आला तर माणूस जातो.

वायरिंग विद्यार्थ्यांनी ओढलं तरी परवानाधारक ठेकेदाराच्या देखरेखीखाली आणि त्याच्याच सहीनं वीज कंपनीकडे जायला हवं. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर यांवर पैसे वाचवायचे नाहीत.

वयाचा मुद्दाही आहे. आठवी पासवर प्रवेश असल्यानं काही विद्यार्थी १८ वर्षांच्या आतले असतात. त्यांना परांचीवर चढवायचं नाही. सगळ्यांना हेल्मेट, बूट, हातमोजे आणि अपघात विमा हवा. विम्याशिवाय पोरं साइटवर न्यायची नाहीत, मग सरपंच कितीही आग्रह करोत.

पोरांना फुकट राबवलं तर?

ही शंका रास्त आहे. पालक विचारतात, "आमच्या पोरानं फुकट का राबायचं?" गावचा गवंडी विचारतो, "आमच्या पोटावर पाय का?" दोघांनाही उत्तर द्यायला हवं.

ग्रामीण आवास योजनेत ठेकेदार लावायलाच मनाई आहे, घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं. त्यामुळे एक नियम पक्का धरता येतो: श्रमदान लाभार्थ्याच्या स्वतःच्या घरावरच. कुणी मध्ये ठेकेदार म्हणून पैसे घेत असेल तर ते श्रमदान नव्हे, ती फसवणूक. तिथं पोरांना पगार मिळाला पाहिजे. नियमित उमेदवारीसाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, त्यात विद्यावेतन देणं बंधनकारक आहे. दोन्हींची गल्लत होता कामा नये.

गावच्या गवंड्याला बाजूला सारून हे होणारच नाही. त्याला रोजची हजेरी देऊन साइटचा मुख्य करा. बारा गवंड्यांऐवजी एका गवंड्याची हजेरी घरमालकाला झेपते आणि गवंड्याचं कामही जात नाही. उलट तो शिकवणारा होतो. बेळगाव भागातल्या मराठी पोरांना याचा एक जास्तीचा फायदा आहे. वर्गात कन्नड-इंग्रजी, पण साइटवर थापी, ओळंबा, गुण्या, पाणसळ हीच भाषा. वर्गात न कळलेली गोष्ट तिथं एका दिवसात कळते.

हेही मान्य केलं पाहिजे की श्रमदानानं घर फुकट होत नाही. सिमेंट, सळई, विटा, वाळू यांचा भाव त्यानं कमी होत नाही आणि खर्चातला मोठा वाटा त्यांचाच. मजुरीचा वाटा ढोबळमानानं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, त्यातलाही काही भागच वाचतो. १ लाख २० हजारांत घर होत नाही, ही मूळ तक्रार पोरांच्या घामानं झाकू नये. ती सरकारकडेच मागायची. पण ज्या घराचा हप्ता फक्त गवंड्याअभावी अडलाय, तिथं चार-सहा थर चढले की कुलूप उघडतं. लिंटल झाला, फोटो चढला, पैसे पडले.

आपल्या गावात करायचं तर

आयटीआयचं वर्ष ऑगस्टला सुरू होतं. दिवाळीनंतर ग्रामपंचायतीनं अडलेल्या घरांची यादी करावी: कुठलं घर कुठल्या टप्प्यावर आणि कशामुळं थांबलंय. सामान असून माणूस नाही, अशीच घरं निवडावीत. सामानच नसेल तर पोरं जाऊन काय करणार? मग प्राचार्यांना लेखी पत्र द्यावं, त्यात '१५० तासांचा गट प्रकल्प' हा शब्द आवर्जून असावा, म्हणजे हजेरी आणि मूल्यमापन अभ्यासक्रमात बसतं. काम जानेवारी ते मार्चमध्ये उरकावं. पुढे उन्हाळ्यात भिंतीला मारायलाही पाणी मिळत नाही, आणि जुलैकडे पोरांच्या परीक्षा येतात. शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याला काय काम केलं ते लिहून पंचायतीचं प्रमाणपत्र द्यावं. उद्या तो पणजीला, पुण्याला की दुबईला कामाला गेला तर त्याला दाखवायला एक उभं घर असेल.

मावशींच्या घराचं काय झालं, असं विचाराल. पावसाआधी ते झालं नाही. जूनमध्ये भिंतीवर पत्रे टाकून त्यांनी ती झाकली. दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे. या वेळी जाताना आयटीआयच्या प्राचार्यांचा फोन नंबर लिहून नेईन.