छायाचित्राची साक्ष

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या प्राचीन मंदिराचे छायाचित्र घेताना मध्येच विजेचा खांब आला, तर पूर्वीचा छायाचित्रकार काय करी? छापलेल्या चित्रावर बारीक कुंचल्याने रंग देऊन तो खांब झाकून टाकी. निरनिराळी चित्रेही तो अंधाऱ्या खोलीत एकत्र जोडी. १८५७ साली इंग्लंडमध्ये ऑस्कर रेजलँडर ह्याने सुमारे तीस चित्रे जोडून एकच भव्य देखावा घडविला. अशा कामाला हस्तकौशल्य लागे, चिकाटी लागे. आणि जोडलेला प्रत्येक तुकडा कॅमेऱ्यासमोर खरोखर असलेल्या वस्तूचा असे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची रीत निराळी आहे. कोट्यवधी चित्रांवरून आकार, रंग व छाया ह्यांची ठेवण यंत्राने आत्मसात केलेली असते. ‘मंदिर पुराने वेढले आहे’ एवढे शब्द दिले, की क्षणार्धात तसे चित्र तयार! पूर मात्र आलेलाच नसतो. ते खरे मानून लोक घरेदारे सोडून धावले, तर केवढा अनर्थ होईल!

फसवणूक पूर्वीही होत असे. पण ती कष्टाची होती, आता ती सोपी झाली आहे. म्हणून मुलांनो, चित्र कोणी, कोठे व केव्हा घेतले, हे आधी विचारा. औंढ्याच्या पुराची खात्री औंढ्यातील माणसाकडूनच करून घ्यावी.