लाखभर लिटर पाणी आणि एक मत

इंग्लंडच्या कालव्यावर एखादी बोट टेकडी चढते, तेव्हा लाखभर लिटर पाणी टेकडी उतरतं. कालव्यांच्या कारभारातली जवळजवळ सगळी भांडणं या एका गोष्टीतून उगवतात. मला तर ती कालव्यांइतकीच विलक्षण वाटतात.

बोट चढते ती लॉकमधून. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला खोल, अरुंद हौद. बोट खालून आत येते, मागचे दरवाजे लागतात, वरच्या बाजूच्या झडपा उघडल्या की पाणी आत शिरतं आणि कित्येक टनांची बोट सावकाश उचलली जाते. ना इंजिन, ना पंप. हे सगळं नुसत्या उतारावर चालतं. नॅरोबोटीसाठी, म्हणजे कालव्यांवरच्या अरुंद, लांब बोटीसाठी बांधलेला हौद जेमतेम 7 फूट रुंद आणि 72 फुटांच्या आसपास लांब असतो. तो एकदा भरून रिकामा झाला, की सुमारे एक लाख लिटर पाणी खालच्या टप्प्यात गेलेलं असतं. ते आपणहून परत वर येत नाही.

मग माथ्यावर पाणी येतं कुठून? लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणारा ग्रँड युनियन कालवा ट्रिंगजवळ चिल्टर्न टेकड्या ओलांडतो. तिथे कालव्याला पाणी पुरवण्यासाठी तलाव बांधले. बांधले बोटींसाठी, पण वस्तीला आले पक्षी. उजनी-जायकवाडीच्या काठी आपल्याला दिसणारा कंठेरी चिखल्या ब्रिटनमध्ये पहिल्यांदा घरटं करताना आढळला तो याच ट्रिंगच्या तलावांवर, 1938 साली! म्हणजे आज खाली कुणी लॉकची झडप उघडली, तर पक्षिनिरीक्षकाच्या दुर्बिणीसमोरची पातळीही कणभर खाली जाते. गळ टाकून बसणाऱ्याला संथ पाणी हवं, बोटवाल्याला खोल पाणी हवं. एके काळी बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या काठच्या वाटेवर आता चालणारे आणि सायकलवाले एकमेकांना जागा देत असतात.

या सगळ्यांचं कोण ऐकणार? 2012 पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुतेक कालव्यांचा कारभार ब्रिटिश वॉटरवेज हे सरकारी महामंडळ पाहत होतं. त्या वर्षी तो कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आला. सुमारे 3,200 किलोमीटरचे जलमार्ग, आणि त्यांवर औद्योगिक क्रांतीच्या ऐन भरातही नव्हत्या इतक्या बोटी, तीस हजारांहून जास्त. संस्थेला एक परिषद आहे. तिच्यात खासगी बोटवाले, बोटींवर व्यवसाय करणारे, मासेमारीचे शौकीन, स्वयंसेवक, इतकंच काय, संस्थेचे कर्मचारीसुद्धा आपापले सदस्य निवडून पाठवतात. बाकीचे नेमलेले असतात. विश्वस्तांना नेमते ती ही परिषद. पाण्याच्या एका पट्ट्यासाठी असं छोटं विधिमंडळ उभं राहावं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण कुणाला किती जागा द्यायच्या? डोकी मोजली तर काठावरून चालणारे लाखो लोक सगळ्यांना गिळून टाकतील. पैसे मोजले तर ते काहीच देत नाहीत, आणि बोटवाला दरवर्षी परवाना काढतो. पण सरकारकडे अनुदान मागताना आधार असतो तो याच चालणाऱ्यांचा. माझ्या मते मोजायचं ते तिसरंच काही आहे: निर्णय चुकला तर कुणाचं किती मोडतं? फिरायला आलेला माणूस दुसऱ्या वाटेने जाईल. बोटीतच राहणाऱ्याचं घर मात्र त्याच पाण्यावर असतं.

त्यातही एक गट असा, की त्याला बोट बांधायला कायमचा धक्काच नाही. ब्रिटिश वॉटरवेज कायदा, 1995 त्यांना धक्क्याविना बोट ठेवायची मुभा देतो, पण अट घालतो: बोट खरोखर प्रवासात हवी, एका जागी सलग 14 दिवसांहून जास्त थांबायचं नाही, परिस्थितीनुसार वाजवी असेल तरच अधिक. मूल शाळेत, दवाखान्याची तारीख ठरलेली, आणि घर पुढे सरकवायचं. 2024 पासून अशा बोटींच्या परवान्यावर जादा शुल्क लागू झालं. त्यांच्या बाजूने नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशन भांडते आहे. आता मतपेटीकडे पाहा. सुट्टीपुरती बोट काढणारा आणि बारा महिने तिच्यावर संसार करणारा, दोघेही ‘खासगी बोटवाले’. एकाला ते शुल्क दुसऱ्याच्या खिशातून जाणारं, म्हणून न्याय्य वाटू शकतं. दोघांचा प्रतिनिधी एकच असेल, तर तो कुणाच्या वतीने बोलणार?

आणखी एक पेच आहे. धर्मादाय संस्थेच्या विश्वस्ताने संस्थेचं हित पाहायचं, कुठल्याही गटाची वकिली करायची नाही, असं कायदा सांगतो. मला हा नियम योग्यच वाटतो. पण म्हणूनच खालच्या परिषदेतला आवाज मोकळा आणि नेमका हवा. वर गेल्यावर तो तसा उरत नाही.

2025 च्या कोरड्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्यावरचे कितीतरी लॉक पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. काठची वाट त्या दिवसांतही खुली होती. अशा वेळी कुठलं लॉक आधी उघडायचं, आठवड्यातून किती तास, आणि अडकलेल्या बोटीला 14 दिवसांच्या अटीतून सूट किती, हे ठरवणाऱ्या बैठकीत अडकलेल्यांपैकी कुणीतरी मतासह बसलेलं असायला हवं, नुसतं निवेदन देऊन बाहेर थांबलेलं नव्हे.